आत काय आहे?

मुलुंडच्या आमच्या वन बीएचकेत जेवणाचं टेबल रात्री दहानंतर माझं असतं. सध्या त्यावर लाकडाचे गठ्ठे आहेत. म्हणजे तसे दिसणारे.

कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय शाळेत असताना पाहिलं, तेव्हापासून हे वेड आहे. माझं मॉडेल एचओ स्केलचं, १:८७. खरा एक फूट इथे साडेतीन मिलिमीटर. अमेरिका-कॅनडात फळ्या वाहणाऱ्या ७३ फुटी सपाट वाघिणी असतात, मधोमध उभी चौकट, दोन्ही बाजूंना गठ्ठे. वाळवलेलं लाकूड भिजू नये म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर गिरणीचं नाव छापलेलं प्लास्टिक असतं. वरून आणि चारही बाजूंनी. खालची बाजू उघडी.

मी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापतो आणि प्रिंट काढलेला कागद त्यावर गुंडाळतो. कडा फार सरळ आल्या की गठ्ठा साबणाच्या वडीसारखा दिसतो, म्हणून पट्टा जिथे आवळतो तिथे नखाने थोडं दाबायचं. चकाकी मारायला मॅट वार्निश. एका कोपऱ्यात कागद फाडून आत काड्यापेटीच्या काड्यांची टोकं चिकटवायची. एवढं केलं की पाहणारा उरलेल्या लाकडाची खात्री स्वतःच करून घेतो.

पण थर्माकोल हलका. वळणावर गाडी रुळांवरून उतरते. अमेरिकन हौशी मंडळींच्या संघटनेचा हिशेब आहे: १ औंस, अधिक डब्याच्या लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. माझा डबा १० इंची, म्हणजे ६ औंस, साधारण १७० ग्रॅम. मग थर्माकोल पोखरून आत लोखंडी नट भरले. खोट्यालाही वजन लागतं, नाहीतर ते चालत नाही.

बाबांनी एक गठ्ठा हातात घेतला. "आत खरंच लाकूड आहे?"

"नाही. थर्माकोल आणि नट."

"मग खोटंच की रे!"

मी वाद घातला. २०१८च्या बंदीआधी आपलं गणपतीचं मखर थर्माकोलचंच असायचं, त्याला कुणी खोटं म्हणत नसे. बाबा हसले. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण त्याच आठवड्यात आम्ही एका क्लायंटला डेमो दिला होता. बटण दाबलं की रिपोर्ट. मागे डेटाबेस नव्हताच, आकडे मीच लिहून ठेवलेले. दोन-चार चुकीच्या नोंदीही मुद्दाम घातल्या होत्या, खरं वाटावं म्हणून. तोच फाटका कोपरा.

क्लायंटने विचारलं, "हे लाइव्ह आहे ना?" मॅनेजर म्हणाला, "हो." मी म्यूटवर होतो.

पोकळ असण्यात मला अजूनही गैर वाटत नाही. डेमो पोकळच असतो, नाहीतर तो डेमो कसला? बाबांनी विचारलं तेव्हा मी एका सेकंदात उत्तर दिलं. तिथेही प्रश्न तोच होता. तिथे मला उत्तर येत नव्हतं असं थोडंच आहे? आणि त्या उत्तरावर कुणीतरी पैसे लावणार होतं.

सोमवारी पुन्हा डेमो आहे. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात मी लहान अक्षरांत 'नमुना आकडे' असं टाकलं. मॅनेजरचा मेसेज आला, ही ओळ काढ.

अजून काढलेली नाही.