सुट्टीनंतरचे पहिले दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहांत फराळाच्या डब्यांची आवक सुरू होते. लातूरची शेव, जळगावचा चिवडा, कुणाच्या आजीच्या हातच्या करंज्या. सगळं वर्तमानपत्रावर ओतलं जातं आणि रात्र सरायच्या आत चकल्यांचा नुसता चुरा उरतो. मन मात्र अजून एसटीच्या खिडकीतच असतं. घरी आई 'अजून एक घे' म्हणायची, इथे मेसवाला कूपन मागतो.

अशा वेळी भिंतीवर वेळापत्रक चिकटवून पहाटे पाचला उठण्याचा संकल्प सोडणारे पुष्कळ. तो आठवडाभरही टिकत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं! त्यापेक्षा सरळ जयकर ग्रंथालय गाठावं. १९४९ साली सुरू झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, त्यांचंच हे नाव. गेल्या गेल्या वाचन होईलच असं नाही. फराळानंतर पहिल्याच पानावर डोळा लागतो. पण शेजारी कुणी टिपणं काढत असतं, कुणी नेट-सेटचे जुने पेपर सोडवत असतं, आणि आपलाही हात वहीकडे जातो.

आठवण आलीच तर दुपारी घरी फोन करावा. आई आधी जेवणाचं विचारेल, अभ्यासाचं नंतर.