कोणतं घड्याळ घेऊ, सर?

हा प्रश्न तू महिनाभर विचारतोयस. त्याच्या निम्म्यानं जरी पोहण्याबद्दल विचारलं असतंस, तर पाण्यात तुझा उजवा हात एव्हाना सरळ पडायला लागला असता. फोनमध्ये घड्याळांचे फोटो, किमतींचे तक्ते, कुठल्याशा यूट्यूबवाल्याची अर्ध्या तासाची तुलना. आणि एवढं करून पसंत काय पडलं? लाखाच्या घरातलं, टायटॅनियमचं, नकाशे दाखवणारं! अरे, गोव्यात स्पर्धेचा मार्ग आखलेला असतो, वळणावळणावर स्वयंसेवक हात दाखवत उभे असतात. तिथं नकाशा बघून तू जाणार कुठं?

तुला एक काम सांगितलं होतं. पोहायला, सायकलला आणि धावायला तुला किती वेळ लागतो ते कागदावर लिहून आण. आणलंस? नाही. मग घड्याळ कशावरून निवडलंस, डबा बघून?

आता ऐक. गोव्यातल्या मिरामारची तुझी अर्धी आयर्नमॅन म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणं. मर्यादा साडेआठ तासांची. पुढचे लोक साडेचार तासांच्या आसपास संपवून सावलीत बसतात. तू त्यानंतरही कितीतरी वेळ उन्हात असणार आहेस. पूर्ण आयर्नमॅनची हौस तू आत्ताच सगळ्यांना सांगत सुटला आहेस, तिची मर्यादा सतरा तासांच्या घरात असते. म्हणजे जो हळू, त्याला बॅटरी जास्त लागते. विजेत्याच्या मनगटावर काय आहे ते बघून तुझं गणित सुटायचं नाही. डब्यावरचे ‘चौदा दिवस’ हे नुसती वेळ बघणाऱ्याचे दिवस आहेत. तू जीपीएस चालू ठेवलेल्या वेळेचा आकडा बघ. दोन फ्रिक्वेन्सींवर उपग्रह पकडायला लावलंस की तो खाली येतो, गाणी लावलीस की आणखी खाली, आणि दोन वर्षांनी बॅटरी थकली की आणखी. म्हणून गरजेच्या दुप्पट तास धर. कोरोसचं पेस ३ साध्या प्लॅस्टिकचं आहे, हलकं आहे, आणि कंपनी जीपीएसवर ३८ तास सांगते. पण त्याकडे तू बघितलंही नाहीस, कारण ते ऑफिसात कुणाच्या नजरेत भरणार नाही.

दुसरी गोष्ट. पोहणं, सायकल, धावणं हे तिन्ही घड्याळात असणं आणि ट्रायथलॉन असणं यांत फरक आहे. गार्मिनचं फोररनर १६५ घे. पोहणं मोजतं, सायकल मोजतं, धावणंही. पण तिन्ही एका माळेत ओवायची सोय त्यात नाही. त्याच्या आधीच्या, २०२२ मधल्या २५५ मध्ये आहे. नवं मॉडेल म्हणून १६५ उचललंस, की पाण्यातून बाहेर आल्यावर एक नोंद बंद करून दुसरी उघडत उभा राहशील. खऱ्या ट्रायथलॉन मोडमध्ये एकच बटण दाबायचं: पोहणं संपलं, कपडे-बुटांची वेळ सुरू, पुन्हा दाबलं, सायकल सुरू. आणि ते हाताला लागणारं बटणच हवं. खारट पाण्यानं ओली, आकसलेली बोटं टचस्क्रीनवर फिरवून बघ एकदा. आपल्याच ग्रुपातला एक पठ्ठ्या बटण दाबायला विसरला, आणि त्या दिवशी स्ट्राव्हा ॲपवर तो ताशी तीस किलोमीटरनं पोहला. वर पाठीवर थापा मारून घेतल्या त्यानं!

आणि तलावातल्या आकड्यांवरून माझ्याशी वाद घालू नकोस. बंद तलावात घड्याळ जीपीएस वापरतच नाही. तुझ्या हाताच्या हालचालीवरून आणि भिंतीला दिलेल्या धक्क्यावरून ते फेऱ्या मोजतं. तलावाची लांबी तू सांगायची असते. पन्नास मीटरच्या तलावात पंचवीस ठेवलीस तर त्यानं काय करावं? निम्म्यात थांबून गप्पा मारतोस, ते त्याला वळण वाटतं. फळी धरून नुसते पाय मारतोस, तेव्हा हात स्थिर म्हणून ते काहीच मोजत नाही. समुद्रात जीपीएस असतो, पण मनगट पाण्याखाली गेलं की उपग्रह तुटतो आणि हात वर आला की क्षणभर सापडतो. म्हणून शंभर मीटर इकडेतिकडे झाले तर कंपनीला शिव्या देऊ नकोस. आधी डोकं वर काढून बोया बघायला शीक, नागमोडी पोहतोस तू.

नाडीचं तर विचारूच नकोस. हिरवा दिवा कातडीतून रक्त बघतो. पट्टा सैल, हँडलवर मनगट वाकलेलं, रस्त्याचे हादरे, मग तो काय डोंबल बघणार? परवा मला दाखवलंस: धावताना नाडी १७०, अगदी सपाट रेघ. तुझी पावलंही मिनिटाला १७० पडत होती. घड्याळ हृदय सोडून पाय मोजत होतं, आणि तू त्यावरून झोन ठरवून आठवडाभर रडतखडत चाललास. जे पैसे टायटॅनियमवर घालणार होतास, त्यातल्या थोड्याशा पैशात छातीचा पट्टा येतो. तो घे. मात्र ब्लूटूथ पाण्यातून जात नाही, तेव्हा पोहतानाचे ठोके स्वतःच साठवून नंतर घड्याळाला देणारा पट्टा बघून घे. आणि कमाल नाडी स्वतः काढून भर. नाहीतर २२० मधून वय वजा केलेला ठोकळ आकडा बसतो, तो तुझा असेलच असं नाही. तो चुकला की पुढचं सगळं चुकतं, ते ‘आज विश्रांती घ्या’सुद्धा. पण ते वाक्य तुला फार आवडतं, नाही का?

१९७८ साली ओआहू बेटावर पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला आला. यातलं काहीच त्याच्या मनगटावर नव्हतं. म्हणून तूही घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. घे, आकडे कामाला येतात. पण दर शंभर मीटरला मनगट वळवून बघणाऱ्याला मी रांगेत शेवटी पोहायला लावीन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

शनिवारी दुकानात जा. जाताना पाण्याची बाटली ने. काउंटरवर बोटं चांगली ओली कर, ट्रायथलॉन मोड उघड, आणि न बघता तीनदा पुढं सरकवून दाखव. दुकानदार ओरडला तर माझं नाव सांग. आणि तो कागद लिहून आणल्याशिवाय सोमवारी तलावावर पाय ठेवू नकोस.