पुन्हा करता येईल

दिवाळीच्या आधीचा आठवडा हा टाकून देण्याचा आठवडा असतो. माळ्यावरचे डबे खाली येतात, आणि घरात दोन पक्ष पडतात: एक ‘टाका’ म्हणणाऱ्यांचा, दुसरा ‘राहू द्या’ म्हणणाऱ्यांचा. मी जन्मभर पहिल्या पक्षाचा. माझा धंदाही त्याला पोषकच आहे. मी बारामतीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो.

आमच्याकडे कचऱ्याची व्याख्या ठरलेली आहे. माणूस हाताने लिहितो ते मूळ. त्या मुळावरून यंत्र शेकडो फाइली घडवते. त्या साचतात, जुन्या-नव्यांची सरमिसळ होते, आणि दुरुस्त केलेली चूक जुन्या फाइलीतून पुन्हा डोके वर काढते. म्हणून अधूनमधून घडवलेले सारे पुसायचे आणि मुळापासून नव्याने घडवायचे. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी या घडवणुकीसाठी ‘मेक’ नावाचे साधन केले. पुढे त्याच्या जोडीला ‘क्लीन’ नावाची पुसण्याची आज्ञा लिहून ठेवण्याची वहिवाट पडली. आमच्या उसाच्या मुलखात हे समजायला कठीण नाही. ऊस जमिनीलगत तोडला, तरी बुडखा शाबूत असला की खोडवा फुटतो. मूळ राखा, वरचे खुशाल तोडा!

गेल्या दिवाळीच्या तोंडावर मी असेच एक फोल्डर पुसले. चार मिनिटांत सारे पुन्हा घडले. दुपारी आमच्यातला एक तरुण मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. पावतीवरचे मराठी शब्द यंत्राने ओबडधोबड घडवले होते. ते त्याने तीन दिवस बसून हाताने सुधारले होते, आणि सुधारले होते नेमके त्या घडवलेल्या फाइलीतच. यंत्राने माझ्या आज्ञेवरून ते पुसले आणि पुन्हा आपले ओबडधोबड शब्द इमानेइतबारे भरून ठेवले.

“घडवलेल्या फाइलीत हाताचे काम ठेवायचे नसते,” मी म्हणालो. “पुन्हा करता येईल.” नियम माझ्या बाजूचा होता. तो काही बोलला नाही.

त्याच संध्याकाळी एस.टी.ने मी इंदापूरला आईकडे गेलो. दुसऱ्या दिवशी आवराआवर निघाली. आकाशकंदिलाचा फाटका कागद आईने स्वतःच टाकला आणि कामट्यांचा सांगाडा खुंटीला अडकवला. मला फार बरे वाटले. आईलाही ‘क्लीन’ कळते तर! त्या उत्साहात माळ्यावरची मोडकी फळकुटे मी अभ्यंगाच्या बंबासाठी परसात नेऊन टाकली. थोड्या वेळाने पाहतो तर आई त्या ढिगाशी बसलेली, हातात वीतभर लाकूड. घासून घासून गुळगुळीत झालेले.

“हा जात्याचा खुंटा आहे. पळसदेवचा.”

आईचे माहेर जुने पळसदेव. भीमेवर उजनीचे धरण झाले, १९८० साली ते पुरे झाले, आणि नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते, आणि लोक होड्यांतून ते पाहायला जातात.

“जातं जड, गाडीत बसलं नाही. माझ्या आईनं खुंटा तेवढा उपसून घेतला.”

“नव्या घरात नवं जातं आणलंच असेल ना?” मी विचारले.

“आणलं की. घरही बांधलं. सगळे हेच म्हणत होते, घर पुन्हा बांधता येईल. खोटं नव्हतं ते. पण म्हणणारे वेगळे आणि बांधणारे वेगळे.” मग खुंट्यावरची धूळ पदराने पुसत ती म्हणाली, “टाकायचं तर टाक रे. पण आधी एकदा विचारत जा.”

मी गप्प राहिलो. माझ्या नियमात त्या खुंट्याला जागाच नव्हती. तो मूळ नव्हता, कारण त्यापासून काही घडणार नव्हते. आणि घडवलेलाही नव्हता, कारण ती गुळगुळी कुठल्या सुताराला देता येणार? मग मला आठवले, की नियम वाटतो तितका निर्दय नाही. ‘ग्नू’ परंपरेत सफाईच्या पायऱ्या आहेत, आणि सर्वांत खोल पायरीवर यंत्राने बजावायचे असते की ही आज्ञा फक्त सांभाळणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे जो पुन्हा घडवणार, त्यानेच पुसावे. शिवाय ‘काय करणार ते नुसते दाखव, करू नकोस’ असेही यंत्राला सांगता येते. त्यासाठी एकच अक्षर जास्त लिहावे लागते. मी ते लिहिले नव्हते.

दिवाळीनंतर त्या मुलाशेजारी दोन संध्याकाळी बसलो. शब्द पुन्हा बसवले, या खेपेला मुळात. बरेचसे त्याला आठवले. एका ठिकाणी तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “इथे फार चांगला शब्द सापडला होता.” तो शब्द काही परत आला नाही.

यंदाही आवराआवर चालू आहे. मी अजून ‘टाका’ पक्षातच आहे. फक्त हातातली वस्तू आधी आईला दाखवतो. ती बहुतेक वेळा म्हणते, “टाक.”