भातोडीच्या पुढे

नगर जिल्ह्यातल्या माणसाला भातोडीची लढाई नव्याने सांगावी लागत नाही. निजामशाहीच्या मलिक अंबरने तलावाचा बांध फोडला, मोगल आणि विजापूरकर चिखलात अडकले, रात्री-अपरात्री छापे पडले, शहाजीराजांनी शर्थ केली, त्यांचे भाऊ शरीफजी धारातीर्थी पडले. गोष्ट इथे थांबते. १६२४ साली मात्र काहीच थांबलं नव्हतं. भातोडीला जिंकलेली फौज पुढे विजापूरवर चालून गेली आणि तिने नौरसपूर हे शहर लुटून उजाड केलं. नगरच्या आठवणीत या स्वारीला जागा नाही. मला ती द्यावीशी वाटते, कारण तिच्याशिवाय भातोडीचा अर्थ अर्धाच हाती लागतो.

मुळात भांडण काय होतं? शाहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध उठला होता आणि जहांगिराचा सेनापती महाबतखान त्याच्या पाठलागावर होता. या गडबडीत दक्षिणेत मोगलांची दोस्ती कोणाला मिळते याची चढाओढ अंबर आणि विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा यांच्यात लागली. महाबतखानाने कौल विजापूरला दिला. इब्राहीमने आपला मातबर सेनापती मुल्ला महंमद लारी निवडक फौजेनिशी बुऱ्हाणपूरला मोगलांच्या मदतीला धाडला. राजधानी उघडी पडली, आणि अंबरला हवी होती ती संधी मिळाली. त्याने गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी जुना करार पक्का केला, बीदरचा प्रदेश लुटला आणि थेट विजापूरला वेढा घातला. म्हणजे भातोडीची सुरुवातच एका स्वारीने झाली. घाबरलेल्या इब्राहीमने मुल्ला महंमदला परत बोलावलं, त्याच्यासोबत लष्करखान आणि बाकीचे मोगल सरदार आले. अंबर वेढा उठवून आपल्या मुलखाकडे सरकला. हा आम्हा दोघांतला वाद आहे, आम्हाला तो मिटवू द्या, अशी विनवणी त्याने मोगलांना केली. ती कोणी ऐकली नाही. पाठलाग करत दोन्ही फौजा नगरजवळ आल्या.

भातोडी नगर शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. तिथला तलाव निजामशाहीच्या चांगल्या दिवसांतला, सलाबतखानाच्या नावाशी जोडला जाणारा. हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, त्यामुळे बांध घालून अडवलेलं पाणी म्हणजे गावाचा जीव. अंबरने नेमका तो बांध फोडला. छावणीकडे येणारी वाट पाण्याखाली गेली, त्यात पावसाने साथ दिली. शत्रूची छावणी चिखलात बसली, दाणावैरण संपत आली, उपाशी शिपाई रात्री पळून अंबरकडे येऊ लागले. विजापूरकर आणि मोगल यांचा एकमेकांवर भरवसा नव्हता, तोही कामी आला. शेवटच्या गर्दीत मुल्ला महंमद मारला गेला, लष्करखान कैद होऊन दौलताबादला गेला.

युद्धशास्त्र म्हणून हे लखलखीत आहे. पण त्या पाण्यावर ज्यांची शेतं होती, त्यांच्या पुढच्या हंगामाचं काय झालं, हे विजापूरचा इतिहास लिहिणाऱ्या फुजूनीने लिहिलं नाही आणि शिवभारतकार परमानंदानेही नाही. फारसी बखरकार अंबरची कीर्ती सांगतात, परमानंद भोसल्यांची. बांधाखालच्या कुणब्याची बाजू मांडणारं कोणी नव्हतं. म्हणून भातोडीला गेल्यावर शरीफजींच्या समाधीपुढे हात जोडताना मला त्या बांधाचीही आठवण ठेवावीशी वाटते.

आणखी एक गोष्ट शौर्यकथेत नीट बसत नाही. शहाजीराजे अंबरच्या बाजूने लढत होते, तर त्यांचे सासरे लखुजी जाधवराव समोर मोगलांकडे उभे होते. विजापूरच्या सैन्यातही मराठे होतेच. इथल्या घोड्यांवर, इथल्या माणसांच्या जोरावर तिन्ही सत्ता एकमेकींना भिडत होत्या. या लढाईला धर्माच्या किंवा प्रांताच्या रेघांनी विभागायला जाल तर हाती काही लागणार नाही. अंबर स्वतः हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनला पोचलेला. मोगलांना पुरून उरला तो मराठा बारगीरांच्या बळावर.

आता नौरसपूर. विजयानंतर अंबरने आधी मोगलांच्या ताब्यातल्या नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. तो लवकर पडेना, तेव्हा त्याने तोंड विजापूरकडे वळवलं. इब्राहीम पुन्हा तटाआड गेला. विजापूरचा कोट अंबरला घेता येणार नव्हता. पण पश्चिमेला काही किलोमीटरवर, तोरवीजवळ, इब्राहीमने १५९९ पासून उभं केलेलं नौरसपूर मोकळं पडलं होतं. गोल आखणीचं हे शहर राजाने संगीतासाठी, कलावंतांसाठी वसवलं होतं. हा राजा स्वतःला जगद्गुरू म्हणवून घेई. त्याच्या ‘किताब-ए-नौरस’ या दख्खनीतल्या गीतसंग्रहात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे, ‘मोतीखान’ नावाच्या लाडक्या तंबोऱ्याची गाणी आहेत. अशा माणसाचं शहर नगरच्या फौजेने लुटलं. त्याचे तट आधीच अर्धवट होते. ते कधी पुरे झाले नाहीत, आणि शहर पुन्हा वसलं नाही. आज तिथे संगीत महालाच्या उंच कमानी आणि पडक्या भिंती दिसतात.

या दोघांत जुनं वैर होतं असंही नाही. १६०९ साली अंबरने आपला मुलगा फतेहखान याचं लग्न विजापूरच्या एका बड्या सरदाराच्या मुलीशी लावलं, तेव्हा इब्राहीमने त्या सोहळ्यावर हात सैल सोडला होता. मोगलांशी झगडणाऱ्या अंबरला त्या काळात विजापूरचा आधार होता. पंधरा वर्षांनी त्याच व्याह्यांच्या राज्यात तो लूट करत फिरत होता.

का? सूड हे एक उत्तर आहे आणि ते खोटं नाही. पण मला वाटतं, खरं उत्तर खजिन्यात आहे. नगरच्या निजामशाहीचे सुपीक भाग आणि राजधानीच मोगलांकडे गेली होती. हातात उरलेला मुलूख डोंगराळ, कमी पावसाचा. त्यावर हजारो घोडी आणि शिपाई बारमाही पोसणं अशक्य होतं. त्यामुळे फौज घरी बसवली की राज्य बुडणार आणि बाहेर काढली की ती दुसऱ्याच्या शेतावर जगणार. आपल्याकडे याला मुलूखगिरी म्हणतात, आणि आपण तो शब्द अभिमानाने उच्चारतो. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली फौज शत्रूच्या मुलखात वैरण, दाणा, खंडणी गोळा करायची. ती राजाच्या महसुलाचीच एक बाब होती, फक्त वसूल दुसऱ्याच्या रयतेकडून व्हायचा.

अंबरच्या बाबतीत हे अधिक बोचतं, कारण आपल्या रयतेशी तो असा वागला नव्हता. जमिनीची प्रत आणि पीक पाहून धारा ठरवण्याची त्याची पद्धत मलिकंबरी म्हणून पुढे पिढ्यान् पिढ्या नावाजली गेली. खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, त्याने नहरीने पाणी आणलं. शेत आणि पाणी म्हणजे काय, हे ज्याला इतकं कळत होतं, त्यानेच बांध फोडला आणि शेजारच्या राज्यातली गावं धुऊन नेली. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. त्याच्या काळी न्यायाची हद्द राज्याच्या सीमेवर संपत होती, आणि ती ओलांडायला लावणारी भूक त्याने निर्माण केलेली नव्हती. तरीही त्याला मानणाऱ्या माणसाने हा हिशेब झाकून ठेवू नये असं मला कळकळीने वाटतं.

कारण फेड लवकर झाली, आणि ती सामान्य माणसांनी केली. अंबर १६२६ साली वारला. लखुजी जाधवरावांना १६२९ मध्ये दौलताबादला भर दरबारात निजामशहाने मारवलं. १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवाने शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणं जाळलं, त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. पाठोपाठ १६३० ते ३२ चा भीषण दुष्काळ आला. फौजांनी तुडवलेल्या मुलखात त्याने जे केलं ते तुकोबांच्या घरातही घडलं.

१६३२ साली मुरारनेच परांड्याहून मुलूखमैदान तोफ विजापूरला नेली. ही तोफ मूळ नगरची. बुऱ्हाण निजामशहासाठी महंमद बिन हसन रूमीने १५४९ मध्ये ओतलेली. तिचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं श्वापद, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. आजही ती विजापूरच्या बुरुजावर आहे. तिच्यावर रूमीचा लेख आहे आणि १६८६ मध्ये विजापूर जिंकणाऱ्या औरंगजेबाचाही.

नगर आणि विजापूर यांच्या सगळ्या भांडणाचा सारांश सोलापूरच्या किल्ल्यात सापडतो. १५२४ मध्ये विजापूरची राजकन्या मरियम नगरच्या बुऱ्हाणला दिली, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचं ठरलं. दिलं नाही, म्हणून युद्ध पेटलं. पुढे नगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा हुसेन निजामशहाने तेच सोलापूर आंदण म्हणून दिलं. नौरसपूर लुटल्यानंतर अंबरने ते जिंकून परत आणलं. शंभर वर्षं, दोन लग्नं, किती मोहिमा. अंबरनंतर निजामशाही वाचवायला शहाजीराजांनी संगमनेरजवळच्या पेमगिरीवर एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि विजापूरला सोबत घेऊन मोगलांशी झुंज दिली. भातोडीला एकमेकांच्या जिवावर उठलेले अखेर एका बाजूला आले, पण तोवर उशीर झाला होता. १६३६ मध्ये विजापूरने शहाजहानची अधिसत्ता मान्य केली, निजामशाही दोघांनी वाटून घेतली, आणि त्या वाटणीत सोलापूर विजापूरच्या पदरात पडलं. या वेळी ते देणारा मात्र दिल्लीचा बादशहा होता.