बाळसे आणि सूज

दया हा गुण थोर खरा. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याच्या दुःखाचे मूळ दया करणाऱ्याच्याच घरात असेल, तर त्या दयेचे मोल कसे ठरवावे? हा प्रश्न आम्ही एका सरड्याच्या निमित्ताने विचारीत आहो, याचे वाचकांनी नवल वाटून घेऊ नये. स्वदेशापासून दूर, परक्या हवेत संसार मांडणाऱ्या आम्हां नोकरदार मंडळींना तरी तो अगदीच परका वाटू नये.

हिरवा इग्वाना हा मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील अरण्यांचा रहिवासी. झाडावर राहावे, पाला खावा आणि तासन् तास उन्हात पडून राहावे, हा त्याचा दिनक्रम. हौसेच्या बाजारातून तो आपल्याकडील शहरांतही येऊन पोहोचला, आणि दिवाणखान्यातील काचेची पेटी हे त्याचे अरण्य झाले. पेटी स्वच्छ असते, खिडकीतून ऊनही येते. पण सूर्यप्रकाशातील ज्या अतिनील किरणांच्या साहाय्याने त्याची त्वचा 'ड' जीवनसत्त्व घडविते, ते सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर लांबीचे किरण साधी काच बहुतांशी अडवून धरते. उजेड दिसतो, पण पोषण होत नाही. त्यात घरची माणसे मोठ्या प्रेमाने रोज पालक घालतात. पालकातील ऑक्झॅलेट हे कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही.

यापुढे शरीरात जे घडते ते विचार करण्याजोगे आहे. रक्तातील कॅल्शियम एका मर्यादेखाली गेले तर स्नायू व हृदय चालणार नाही. म्हणून परावटु ग्रंथी हाडांतील साठा काढून रक्ताची पत राखतात. वरवर सारे ठीक दिसते, आतून हाडे पोकळ होत जातात. हाडाच्या जागी तंतुमय ऊतक भरून मांड्या जाड होतात, आणि धनी कौतुकाने म्हणतो, 'बाळसे धरले!' प्रत्यक्षात ती सूज असते. पुढे जबडा मऊ पडतो, बोटे थरथरतात, अंग उचलून चालणे अशक्य होते. कधी नुसते हातात घेतल्यानेही हाड मोडते.

योग्य वेळी पशुवैद्याकडे नेले तर हा प्राणी बरा होऊ शकतो. पण ती शुश्रूषा म्हणजे चिकाटीची परीक्षाच होय. मोजून कॅल्शियम द्यावयाचे, अतिनील किरणांचा खास दिवा लावावयाचा, ऊब घेण्याच्या जागी सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता राखावयाची, कारण उबेवाचून त्याला अन्न पचत नाही. पालकाऐवजी शेवग्याचा पाला, तुतीची व जास्वंदीची पाने द्यावयाची. पडू नये म्हणून उंच फांद्या काढून टाकावयाच्या. येथे उतावीळ प्रेमही घातकच. 'ड' जीवनसत्त्व अतोनात दिले तर कॅल्शियम मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांत साचू लागते. आठवडे जातात, महिने जातात; जबडा घट्ट होतो, पायांत बळ येते. मात्र वाकलेला कणा बहुधा वाकलेलाच राहतो.

अशी शुश्रूषा करणाऱ्यास आपण दयाळू म्हणतो. आमच्या मते येथे दया हा शब्द थोडा चुकतो. ज्याचे ऊन आपण हिरावले त्याला दिवा लावून देणे, ही ऋणाची फेड आहे. दान देणारा हात आखडता घेऊ शकतो. ऋणकोला ती मुभा नाही. आणि हे ऋण केवळ भावनेने फिटत नाही. पालक घालणारा हात प्रेमळच होता. उणीव होती ती ज्ञानाची. जो मुका जीव आपल्या स्वाधीन आहे, त्याच्या गरजा जाणून घेणे हाच त्याच्यावरील प्रेमाचा पहिला अंश होय. ज्ञानावाचूनची माया हीसुद्धा सूजच. तिला बाळसे समजू नये.

कोणी म्हणेल, मुडदुसाने पाय वाकलेली मुले देशात असताना सरड्यासाठी एवढा खटाटोप कशाला? आक्षेप हलका नाही. त्या मुलांच्या व्याधीचे मूळही पुष्कळदा उन्हाच्या व 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावातच असते. सरड्याची हौस करण्यापूर्वी हा आक्षेप कोणी घेतला, तर तो आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु पेटी घरात आल्यानंतर तो घेणे म्हणजे एका कर्तव्याची ढाल करून दुसरे चुकविणे होय. सर्वांविषयीची करुणा आणि आपण ज्याला बंदिवान केले त्याच्याविषयीची जबाबदारी, या दोन गोष्टी एकमेकींच्या बदली देता येत नाहीत.

शिवाय या ऋणकोला आभाराचीही अपेक्षा ठेवता येत नाही. कुत्रे शेपूट हलविते. इग्वाना बरा झाल्यावर बहुधा पूर्वीसारखाच दूर पाहत बसतो. निष्काम कर्माची चर्चा आपण पुष्कळ करतो. तिचा असा रोखठोक धडा घरात क्वचितच मिळतो.

आणि बरा झाल्यावर पुढे काय? त्याला मोकळा सोडता येत नाही. ही भूमी त्याची नव्हे. फ्लोरिडात सुटलेले इग्वाना तेथील वनस्पतींना व बांधबंदिस्तीला उपद्रवकारक ठरले आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, आणि अशा विदेशी प्राण्याची नोंदणी करणे बंधनकारक झाले. म्हणजे शुश्रूषेचा शेवट मुक्तीत होत नाही. तो दीर्घ सांभाळात होतो. नीट निगा राखली तर हा प्राणी दहा वर्षांहून अधिक जगतो आणि शेपटीसह पाच फुटांपर्यंत वाढतो. आपली बदली मात्र तीन-चार वर्षांनी ठरलेली. सामानाच्या यादीत जे बसत नाही ते शेजाऱ्याच्या गळ्यात मारून जाण्याची आपल्यात जी रीत आहे, ती कपाटापुरती ठीक आहे. जिवंत प्राण्याला घरात आणताना आपण एका नेमणुकीहून लांब मुदतीचा करार करीत असतो. मुलांनी पेटीतल्या सरड्यासाठी हट्ट धरला, तर त्यांना नकार देण्यापूर्वी हा हिशेब त्यांच्यापुढे मांडावा. मुले तो समजतात. आणि समजून मागे घेतलेल्या हट्टात एका मुक्या जिवाचे ऊन वाचते.