धर्मचित्रांतील शस्त्रे

मध्ययुगीन युरोपच्या धर्मचित्रांत जुन्या करारातील माणसे चित्रकाराच्या काळातल्या शस्त्रांनी लढतात. १२५० च्या सुमारास पॅरिसमध्ये चितारलेले आणि आज मुख्यतः न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात असलेले मॉर्गन बायबल हे याचे ठळक उदाहरण. मूळ कथेतील पलिष्टी योद्धा गल्याथ याचे चिलखत पितळी खवल्यांचे आहे. चित्रातला गल्याथ मात्र लोखंडी कड्यांचे साखळी चिलखत घातलेला तेराव्या शतकातला फ्रेंच योद्धा आहे. इस्राएलचा राजा शौल अम्मोनी शत्रूंवर तुटून पडतो त्या पानावर तर वजनाच्या जोरावर दगड फेकणारे यंत्र दिसते. शौलाच्या काळी असे यंत्र नव्हतेच.

त्यामुळे शौलाच्या युद्धकलेसाठी ही चित्रे निरुपयोगी, पण तेराव्या शतकासाठी मोलाची आहेत. एका चित्रात एक माणूस कमरेत वाकून साखळी चिलखत डोक्यावरून उतरवतो आहे. अंगचे वजनच ते खाली ओढते, ही गोष्ट चित्रकाराने कुठेतरी पाहिलेली असणार. कथेला ज्याची गरज नाही असा तपशील बहुधा निरीक्षणातून येतो.

प्रत्येक शस्त्र मात्र असे पाहून काढलेले नसते. संत पौलाच्या हातची तलवार लढण्यासाठी नसून त्याच्या शिरच्छेदाची खूण आहे. तिच्यावरूनच तो ओळखू येतो. ख्रिस्ताला पकडणाऱ्या किंवा छळणाऱ्या शिपायांना पुष्कळदा वक्र, रुंद पात्यांची शस्त्रे दिलेली असतात, ती त्यांचे परकेपण आणि क्रौर्य ठसवण्यासाठी. शिवाय चित्रशाळांत जुने नमुने गिरवले जात. त्यामुळे चित्र नवे असूनही त्यातले शस्त्र एका पिढीपूर्वीचे असू शकते.

मॉर्गन बायबलमधील एका शस्त्राबाबत हे सारे प्रश्न एकत्र येतात. लांब दांड्याच्या टोकाला खाटकाच्या सुऱ्यासारखे रुंद पाते, दोन्ही हातांनी चालवायचे. त्याचा एकही प्रत्यक्ष नमुना उरलेला नाही. इंग्लंडमधील डरहॅम कॅथेड्रलमध्ये जपलेली तेराव्या शतकातील कॉनियर्स फॉल्शन ही रुंद पात्याची तलवार त्याला जवळची, पण ती एकहाती आहे. रुंद पाती त्या काळी वापरात होती, एवढे तिच्यावरून ठरते. दोन हातांच्या दांड्याला तिचा आधार मिळत नाही. चित्रात अशा शस्त्राच्या घावाने शिरस्त्राणासकट डोके दुभंगते, हा तर युद्धकथेचा अतिरेकच.

म्हणून चित्रातील शस्त्राचे आकार, वापर आणि परिणाम हे तीन भाग वेगवेगळे तपासावे लागतात. उत्खननात किंवा संग्रहात मिळालेली वस्तू, समकालीन लिखाण आणि दुसऱ्या चित्रशाळेतले स्वतंत्र चित्र, यांपैकी एकाचा तरी दुजोरा मिळाला तर तो भाग पुरावा ठरतो. एरवी ते शस्त्र चित्रकाराच्या मनाविषयी सांगते, रणांगणाविषयी नाही.