माऊन : उपासनेची दाराबाहेरील कसोटी



आपल्या परिचयातील एखादे वयोवृद्ध गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. नोकरीतून निवृत्त झालेले, मुले मार्गी लागलेली, पाचही वेळच्या नमाजला पहिल्या सफमध्ये त्यांची जागा ठरलेली. तरीही इशानंतर मस्जिदीच्या पायऱ्या उतरताना ते हळूच म्हणतात, "आता आपली गरज कोणाला उरली आहे?" हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. रोजगाराच्या शोधात थकलेला तरुण, चूल आणि मुले यांत बुडालेली गृहिणी, सुस्थितीतील व्यापारी यांच्याही मनात तो कधी ना कधी उभा राहतो. आपण कशासाठी आहोत?

पवित्र कुरआनने याचे उत्तर दिलेले आहे. सूरह अज्‌-जारियातमध्ये सांगितले आहे की, अल्लाहने जिन्न आणि मानव यांना आपल्या उपासनेखेरीज अन्य कशासाठीही निर्माण केलेले नाही. मग नित्य उपासना करणाऱ्याच्या अंतःकरणातही पोकळी का राहावी? आपण उपासनेचा अर्थ मुसल्ल्याच्या लांबी-रुंदीएवढाच करून ठेवला आहे, हे त्याचे एक मोठे कारण आहे.

सूरह अल-माऊन आपल्यापैकी बहुतेकांना बालपणापासून मुखोद्‌गत असते. कुरआनची ही १०७वी सूरह अवघ्या ७ आयतींची आहे. निवाड्याच्या दिवसाला खोटे ठरविणारा माणूस कोण, असा प्रश्न ती विचारते. उत्तरात कोणत्याही मूर्तीचे नाव येत नाही. अनाथाला धक्के देऊन हाकलणारा आणि गोरगरिबाला जेवू घालण्याचा आग्रह न धरणारा, ही त्याची ओळख सांगितली जाते. त्यानंतर जो इशारा येतो, तो तर नमाज पढणाऱ्यांनाच आहे. जे आपल्या नमाजविषयी गाफील असतात, जे लोकांना दाखविण्यासाठी सत्कर्म करतात आणि जे 'माऊन' द्यायला नकार देतात, त्यांच्यासाठी विनाश आहे.

हे माऊन म्हणजे काय? काही सहाबांनी त्याचा अर्थ जकात असा केला आहे. ह. अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांनी मात्र कुऱ्हाड, भांडे, पोहरा अशा वस्तूंची नावे घेतली. शेजारी शेजाऱ्याकडे मागतो आणि काम झाल्यावर परत करतो, त्या या साध्यासुध्या वस्तू. क्षणभर थांबून विचार करा. एकीकडे नमाज, दुसरीकडे शेजाऱ्याला हवे असलेले पातेले, आणि अल्लाहने दोन्ही एकाच सूरहमध्ये जवळजवळ ठेवली आहेत. ज्याचा हात पातेले देताना आखडतो, त्याने आपल्या सजद्याकडे पुन्हा पाहावे, असेच जणू आपल्याला सुचविले जात आहे.

सहीह मुस्लिममधील एक हदीस हीच गोष्ट अधिक खोलवर नेते. कियामतच्या दिवशी अल्लाह मनुष्याला विचारील की, मी आजारी होतो, तू माझ्या भेटीला का आला नाहीस? मनुष्य गोंधळून म्हणेल की, हे पालनकर्त्या, तू तर सर्व विश्वाचा स्वामी, तुझी भेट मी कशी घेणार होतो? तेव्हा सांगितले जाईल की, माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला त्याच्यापाशी आढळलो असतो. भुकेल्याविषयी आणि तहानलेल्याविषयीही असेच प्रश्न होतील. अल्लाहच्या सान्निध्याचा एक पत्ता आपल्या गल्लीतील आजाऱ्याच्या खाटेपाशी आहे आणि आपण रोज त्या दारावरून पुढे जातो.

यावर कोणी म्हणेल, "आमच्याजवळ देण्यासारखे आहे तरी काय?" प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सहाबांनीही हाच प्रश्न केला होता. प्रत्येक मुस्लिमावर सदका आहे, असे प्रेषितांनी सांगितले तेव्हा त्यांनी विचारले की, ज्याच्यापाशी काही नाही त्याने काय करावे? त्याने हाताने काम करावे, स्वतःचे भागवावे आणि सदकाही द्यावा, असे उत्तर मिळाले. तेही जमले नाही तर? अडचणीत सापडलेल्या गरजूला साहाय्य करावे. तेही नाही जमले तर? चांगल्या गोष्टीची शिकवण द्यावी. आणि तेही न जमल्यास वाईटापासून दूर राहावे, हाही त्याच्यासाठी सदकाच आहे. या जिन्यावर प्रत्येकासाठी एक पायरी आहे. ज्याची कोणालाच गरज नाही, असा माणूस इस्लामने शिल्लकच ठेवलेला नाही.

मदीनेच्या मस्जिदीत झाडलोट करणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीची हकीकत प्रसिद्ध आहे. तिचे निधन झाले तेव्हा लोकांना ती बाब किरकोळ वाटली, त्यांनी प्रेषितांना (स.) न कळविताच तिचे दफन केले. प्रेषितांनी मात्र ती दिसत नाही म्हणून आपण होऊन चौकशी केली, आपल्याला का कळविले नाही असे विचारले आणि तिच्या कबरीपाशी जाऊन नमाज अदा केली. लोकांच्या नजरेतून निसटलेला केरसुणीचा तो हात अल्लाहच्या प्रेषितांच्या ध्यानात होता.

सेवेचा आरंभ घरापासून होतो, हेही विसरता कामा नये. प्रेषित (स.) घरी काय करीत असत, असे ह. आयेशा (रजि.) यांना विचारण्यात आले. ते घरच्या मंडळींच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच बाहेर पडत, असे त्यांनी सांगितले. बाहेर समाजसेवक म्हणून मिरविणारा पुरुष घरात पाण्याचा पेलाही उचलत नसेल, तर ही सुन्नत त्याला प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाही.

सेवा धर्म विचारूनही करायची नसते. ह. अब्दुल्लाह इब्ने अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी जिबह झाली तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला का? शेजाऱ्याच्या हक्काविषयी प्रेषितांनी दिलेली ताकीद त्यांच्या स्मरणात होती. आपल्या वाड्यात, आपल्या इमारतीत जो कोणी राहतो, त्याचा हक्क आपल्यावर आहे.

मात्र एका चोरापासून सावध राहावे लागते. सूरह अल-बकरामध्ये उपकार बोलून दाखवून दान वाया घालविणाऱ्याला गुळगुळीत खडकाची उपमा दिली आहे. त्यावर थोडी माती असते, मुसळधार पाऊस पडतो आणि खडक उघडा पडतो. आज रेशनची पिशवी देताना आधी मोबाईल बाहेर निघतो, घेणाऱ्याची मान खाली जाते आणि देणाऱ्याचे छायाचित्र गावभर फिरते. याउलट ह. हुसैन (रजि.) यांचे पुत्र इमाम जैनुल आबिदीन (रह.) यांचे उदाहरण पाहा. मदीनेतील कित्येक गरीब घरांना रात्री शिधा पोहोचत असे. कोण आणून देतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. इमामसाहेबांचे निधन झाले आणि तो शिधा येणे थांबले. गुस्ल देताना त्यांच्या पाठीवर गोण्या वाहिल्याचे व्रण दिसले, तेव्हा लोकांना उलगडा झाला.

प्रिय वाचकहो, मस्जिदीच्या पायऱ्यांवरील त्या गृहस्थांना आता काय उत्तर द्यावे? शेजारच्या विधवेला निवृत्तिवेतनाचा अर्ज भरता येत नाही. आपण आयुष्यभर कचेरीत अर्जच पाहिलेत. पलीकडच्या मुलाला गणित उमगत नाही. कोपऱ्यावरच्या आजारी म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायला कोणी नाही. त्यांना आपली गरज आहे. आणि कियामतच्या दिवशी त्यांच्या साक्षीची त्याहून अधिक गरज आपल्याला असणार आहे. आज नमाजनंतर घरी परतण्यापूर्वी यांपैकी एका दारावर थाप द्या. कोणाला सांगू नका.

अल्लाह आपल्या सर्वांना केवळ त्याच्या प्रसन्नतेसाठी त्याच्या दासांच्या उपयोगी पडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.